कष्टाने येतं

माझ्या हातून पहिली बांगडी फुटली ती एका नवरीच्या मनगटावर.

आम्ही आष्ट्याचे मणेर. बांगड्या भरायचं काम माझ्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे. लग्नघरात मणेरीण आली की तिला आधी पाट मिळतो, मग चहा, आणि मग घरातल्या सगळ्या बायकांचे हात एकामागून एक तिच्यापुढे येतात. समोरच्या बाईचा अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटांची मुळं दाबून दाबून हात मऊ करायचा, आणि तिला बोलण्यात गुंतवून काच अलगद वर सरकवायची. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं हे काम करत. कशी करत, ते मला ती दुखेपर्यंत कळलं नव्हतं.

त्या दिवशी अंगठ्याच्या मुळात कळ आली आणि पकड एकदम सुटली. हिरवी बांगडी तडकली, काचेनं पोरीचं मनगट कापलं. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढवली म्हणतो. पण लग्नाच्या आदल्या दिवशी, चुडा भरताना, रक्त आलेलं. बायकांनी आपापले हात मागे घेतले. नवरीची आई तिचा हात पदरात धरून मला म्हणाली, "आसू दे गं हलिमा. हुतं एकादं." चांगली बाई होती. पण उरलेला चुडा भरायला तिनं माझ्या सासूला बोलावून घेतलं.

दुसऱ्या जर्मन लढाईचं ते शेवटचं वर्ष होतं. मी तिशीची होते.

पुढचे सहा महिने मी लपवण्यात घालवले. सकाळी मुठी उघडत नसत. सगळे उठायच्या आधी मी गरम पाण्यात हात बुडवून बसायची. मग गुडघे धरले. माझी मुलगी जुबेदा तेव्हा नऊ वर्षांची. मी तिची वेणी घालायची ती बंद झाली आणि ती माझी घालायला लागली. तेल झालं, शेक झाला, दर्ग्यातला ताईत झाला. एक दिवस मी उकिडवी बसले ती उठताच येईना. जुबेदानं ओढलं, तिला झेपेना. तिनं अम्मांना, म्हणजे माझ्या सासूला, हाक मारली. अम्मा आल्या, बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे सोंग नव्हतं तर." घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथे मी मराठीत लिहिते आहे. पण ते वाक्य कुठल्याही बोलीत तेवढंच लागलं असतं.

*

सांगलीला माझ्या नवऱ्यानं, उस्माननं, मला कोळशावरच्या मोटारीनं नेलं. दर चढाला उतारू खाली उतरत, मला तेवढं बसू दिलं.

दवाखाना मोठा होता. डॉक्टर फौजेतून नुकते परत आलेले, चाळिशीचे, बोलायला सरळ. त्यांनी माझं एकेक बोट हातात घेऊन पाहिलं, बराच वेळ.

"हा सांधेवात आहे," ते म्हणाले. "एकेक करून सगळे सांधे धरतो."

"किती दिसात जाईल, सायेब?" उस्माननं विचारलं.

"जाणार नाही. थांबवता येईल असं मला वाटतं. वर्षभर इथे राहावं लागेल."

मी विचारलं, "मला बांगड्या भरता येतील का?"

डॉक्टरांनी माझा हात खाली ठेवला. मग म्हणाले, "ते आज मला सांगता येत नाही. आणि उगीच हो म्हणणार नाही."

मनगटांना प्लास्टरचे साचे बांधायचे होते, म्हणून माझ्या बांगड्या काढायला सांगितल्या. सुजलेल्या हातातून त्या निघेनात. नर्स कात्रीसारखं काहीतरी घेऊन आली तेव्हा उस्मान म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. माझं काम हाय ते." त्यानं मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, डोक्याचा रुमाल सोडून माझ्या मनगटाभोवती गुंडाळला, आणि आतल्या आत एकेक बांगडी मोडली. काच मला कुठे लागली नाही. एवढ्या वर्षांत हजारो बायकांचे हात भरलेला माणूस, आपल्याच बायकोचे हात रिकामे करत होता, तेही स्वतः धडधाकट समोर बसून. रुमालाची गाठ मारून त्यानं ती काच घरी नेली. तिथे टाकली नाही.

*

बायकांच्या खोलीत अकरा खाटा होत्या. सकाळी घंटा, मग हात गरम मेणात बुडवायचे, मग ते मेण मोज्यासारखं सोलून काढायचं. मंगळवारी सोन्याची सुई. सांधेवातावर सोन्याचं औषध टोचत असत. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणायची, "जल्मात अंगावर गुंजभर चढलं न्हाई, आता अंगात भरत्यात." कुणाला त्यानं उतार पडायचा, कुणाचं तोंड यायचं, अंगावर पुरळ उठायचं. माझं तोंड आलं, तरी डॉक्टरांनी थांबून थांबून सुया चालू ठेवल्या.

सोमवार कागदाचा वार.

फौजेच्या दवाखान्यात जखमी शिपायांना डॉक्टर एक कागद भरायला देत असत. तसाच त्यांनी मराठीत करून घेतला होता. वीस प्रश्न, आणि प्रत्येकापुढे तीन घरं: येतं, कष्टाने येतं, येत नाही. रोग्यानं स्वतः विचार करून फुली मारायची. "सांधा किती सुजला ते मला दिसतं," ते म्हणाले. "पण त्या सांध्यानं तुमचा दिवस कसा जातो, ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक?"

अडचण एवढीच होती की खोलीत वाचता येणारी मी एकटी. वडिलांनी मला मराठी चौथीपर्यंत शाळेत बसवलं होतं. पेन्सिल दोन बोटांत धरून फुली मारण्याइतका हात माझा उरला होता. म्हणून मी मोठ्यानं वाचायचं, बायकांनी सांगायचं, आणि मी जिच्या तिच्या कागदावर फुली मारायची, असं ठरलं.

पहिल्या सोमवारी मी वाचलं, "बुटाची नाडी बांधता येते का?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कोपऱ्यातल्या खाटेवरची तरणी सरू म्हणाली, "आवं डाक्टर, बूट आमच्या मालकाच्या पायात. ते हाईत फौजेत. पत्र धाडून इचारू का?"

सगळ्या हसल्या. पुढचा प्रश्न होता, खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का. "खुर्चीत बसलंय कोन!" म्हातारी म्हणाली. त्याच्या पुढचा दाढीचा होता. तो मी वाचला तेव्हा तर प्लास्टरमधले हात खाटेवर आपटून बायका हसल्या. मीही हसले. घर सोडल्यापासून पहिल्यांदा.

डॉक्टर लाल झाले होते. पण ते स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "बरं. मग मी काय विचारू, ते तुम्ही सांगा."

ती अख्खी दुपार आम्ही सांगत होतो. भाकरी थापता येते का. लुगड्याचा काष्टा घालता येतो का. धुणं पिळता येतं का. पोर कडेवर घेता येतं का. जात्याचा खुंटा धरता येतो का. "परसाकडं बसून उठता येतं का, ते समद्यात आदी लिवा," म्हातारी म्हणाली, आणि त्यावर कुणी हसलं नाही. मी सांगितलं, "विहिरीचं पाणी शेंदता येतं का." तो अकरावा प्रश्न झाला. आणखी एक मी भीत भीत सांगितला: दुसऱ्याच्या हातात बांगडी भरता येते का. डॉक्टर म्हणाले, "हा फक्त तुमच्या कागदावर," आणि माझ्या कागदाच्या तळाशी त्यांनी तो स्वतःच्या हातानं लिहिला.

आजारपणात माणूस स्वतःला फसवत असतो. आज जरा बरं आहे, उद्या अजून बरं असेल. कागदापुढे तसं करता येत नव्हतं. माझ्या सगळ्या फुल्या शेवटच्या घरात. तशा त्या चार महिने राहिल्या. दर सोमवारी दुपारी मला जेवण जात नसे. मग एका सोमवारी वेणीची फुली मधल्या घरात आली, कष्टाने येतं, आणि मी भिंतीकडे तोंड करून रडले. सरूनं लांबून विचारलं, "काय झालं गं आक्का?" मी म्हटलं, "काही नाही. माझी वेणी मी घातली."

*

सरू औंधकडची. यमाईच्या डोंगराखाली तिचं गाव. वय तेवीस. नवरा धोंडिराम फौजेत हवालदार, लढाईपायी लांब दर्यापार गेलेला. दोन वर्षांची मुलगी, तानी, जावेपाशी ठेवून सरू दवाखान्यात आली होती. सोन्यानं तिचे गुडघे सुटले, पण मनगटं सुटली नाहीत. पाण्याचा तांब्या तिच्या तोंडाला मी माझ्या दोन्ही कोपरांत धरून लावत असे, कारण बोटं दोघींचीही तसलीच.

धोंडिरामची पत्रं मीच तिला वाचून दाखवी. एक पत्र आलं की फौजेतून नाव कटलं आहे, माघात कायमचा घरी येतो. पत्र ऐकून ती हसली. मग दिवसभर आपली बोटं उघडून मिटून पाहत होती. पुढच्या सोमवारी मी तिच्या खाटेवर कागद घेऊन बसले तेव्हा ती हळूच म्हणाली,

"हलिमाक्का, समद्याम्होरं येतं लिव."

"येडी का गं तू? सकाळी तांब्या कुणी धरला?"

"सकाळी धरलास. आता नगं धरू." ती माझ्याकडे बघत नव्हती. "जाऊबाईचा सांगावा आलाय. तानी तिला आई म्हनती. दीर बघाय आला तवा पोरीला संगं आनलं हुतं, तर माज्याकडं येईना, रडाय लागली. आक्का, मालक आल्याव मी हितं खाटंवर दिसाय नगं. तीन वरसांनी येनार त्यो. लुळी बायकू बघाय येनार का?"

मी नाही म्हटलं. खरं तेच लिहिलं. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही म्हटलं. तिसऱ्या सोमवारी तिनं कागद माझ्या हातातून ओढून घ्यायला पाहिला, तो तिच्या बोटांत राहिना, खाली पडला. ती म्हणाली, "कागद माजा हाय न्हवं? डाक्टरच म्हनले, जिचं तिनं सांगायचं. मला लिवाय आलं असतं तर तुला कोन इचारत हुतं?"

मी कागद उचलला आणि वीसच्या वीस फुल्या पहिल्या घरात मारल्या.

डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. मग तिला हवा भरलेली रबरी पिशवी मुठीत दाबायला दिली. सरूनं खालचा ओठ दातात धरून ती दाबली, आणि नळीतला पारा वर गेला. डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की मी मान खाली घातली. तो कागद त्यांनी नर्सना दाखवला. माझ्याकडूनच त्याची एक नक्कल करून तिला दिली आणि म्हणाले, "तीन महिन्यांनी असाच भरून घेऊन ये."

शनिवारी उस्मान भेटायला आला तेव्हा मी त्याला हिरव्या बांगड्या आणायला सांगितल्या होत्या. त्यानं सरूचे हात भरले. तिच्या मापापेक्षा एक अंगुळ मोठ्या आणल्या होत्या, मनगटाला काच लागू नये म्हणून. ती दिराबरोबर फाटकातून गेली तेव्हा हात उंच धरून हलवत होती. बांगड्या पार कोपरापर्यंत घसरल्या.

*

पुढचं सांगायच्या आधी माझं सांगून टाकते, कारण ह्याच दुखण्याच्या बायका हे वाचतील तर त्यांना तेवढंच जाणून घ्यायचं असेल.

मी चौदा महिन्यांनी घरी आले. दुखणं थांबलं, गेलं नाही. भाकरी मला थापता येते, वाकडी होते. उठता येतं, दाराला धरून. धुणं पिळता येत नाही. बांगडी भरता येत नाही, आणि येणारही नाही. बांगड्यांची टोपली आता जुबेदाकडे आहे. ती मला लग्नघरी बरोबर नेते. ती हात दाबते, मी शेजारी बसून बाईला बोलण्यात गुंतवते. अम्मांनी त्यांच्या शेवटच्या दिवसांत मला एकदा जवळ बसवून घेतलं आणि माझी बोटं आपल्या हातात धरून ठेवली. मला तेवढं पुरलं.

पहिल्या दिवसापासून घरात कुणाला तरी खरं सांगा, एवढंच मी सांगेन. मी सहा महिने लपवलं आणि ते सहा महिने परत मिळाले नाहीत.

*

आता राहिलेलं. हे लिहायला घेतल्यापासून मी ते पुढे ढकलते आहे.

चैत्रात, मी अजून दवाखान्यातच होते, एका दुपारी खाकी सदऱ्यातला एक माणूस व्हरांड्यात आला. नर्सनं मला बाहेर नेऊन बाकावर बसवलं.

"तुमी हलिमाबाई?" त्यानं विचारलं. "सरूचा मालक मी."

मी हसून त्याच्या मागे पाहिलं, सरू दिसते का म्हणून. तो भिंतीला पाठ लावून खाली बसला.

"सरू गेली. पंधरा दिस झालं. हिरीत."

तो बोलत राहिला, शिपाई वर्दी देतो तसा, एका सुरात.

"पंचनाम्यात पडून म्हनून लिवलंय. पर गावात कोन तसं म्हनत न्हाई. उडी टाकली म्हनत्यात. दोर हाताला गुंडाळल्याला हुता. म्हनत्यात, वर याय नगं म्हनून हात बांदून घेतला. मी येऊन दोन म्हैनं झालं हुतं. मंग मीच काय तरी बोललो आसंन, न्हाई का? बाई, मी इचार करकरून थकलो. काय बोललो मी तिला?"

त्यानं खिशातून घडीचा कागद काढला. मी ओळखला.

"तिच्या पेटीत गावला. वाचाय मी फौजेत शिकलो. ह्यो अकरावा बगा. हिरीचं पानी शेंदता येतं का. येतं. फुली तुमची हाय, ती सांगायची तुमी लिवता म्हनून. मंग जिला शेंदता येतं ती पडंल कशी?"

"खोटं आहे ते," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली.

"तिला शेंदता येत नव्हतं. पिळता येत नव्हतं, थापता येत नव्हतं. तांब्या उचलत नव्हता. तिनं येतं लिहायला सांगितलं, मी लिहिलं. तुम्ही यायच्या आधी तिला घरी जायचं होतं."

तो कागदाकडे बघत राहिला. मग हळूहळू म्हणाला, "भाकरी कराय बसली की दार लोटून घ्यायची. मला वाटलं, लाजती. पान्याला लय पहाटं जायाची, हिरीवर कोन नसताना. मी म्हनलं, मी येतो, तर न्हाई म्हनायची."

"आणि दोर," मी म्हटलं. "बोटांत धरत नाही तेव्हा दोर हाताला गुंडाळून घ्यावा लागतो. मीही घ्यायची. भरली घागर खाली ओढते, आणि गुंडाळलेला दोर लगेच सोडवता येत नाही. तिनं हात बांधून घेतला नव्हता. ती पाणी भरत होती."

"म्हंजी उडी न्हाई टाकली तिनं."

"नाही."

त्यानं दोन्ही तळहात तोंडावर धरले. मी त्याला म्हटलं, मला जे बोलायचं ते बोला. तो म्हणाला, "काय बोलू? तुमी लिवलं, तिनं लिवून घेतलं. आनि मी घरात आसून बगितलं न्हाई." थोड्या वेळानं म्हणाला, "ह्ये कागदाव लिवून द्या. गावात दाखवीन."

नर्सनं डॉक्टरांना बोलावलं. मी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं, उभ्या उभ्या, धोंडिरामसमोर. ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पिशवी दाबताना तिचा ओठ फुटला होता. मी पाहिलं होतं ते. पण मला तो कागद खरा असायला हवा होता." मग दवाखान्याच्या कागदावर सहीशिक्क्यानिशी लिहून देतो म्हणाले.

"तुमचंबी द्या," धोंडिराम म्हणाला. "पर बाईंचं पायजे. पयली फुली त्येंचीच हाय."

मी बाकावर कागद ठेवून लिहायला घेतलं. फुली मारणं निराळं, अक्षरं निराळी. पेन्सिल सुटायची, धोंडिराम उचलून परत माझ्या बोटांत ठेवायचा. चार ओळींना संध्याकाळच्या जेवणाची घंटा झाली.

सरूबाईला विहिरीचं पाणी शेंदता येत नव्हतं. आधीच्या कागदावर येतं असं मी लिहिलं, ते खोटं होतं. दोर बोटांत धरत नसल्यामुळे ती हाताला गुंडाळत असे. ती पाणी भरताना पडली.

खाली मी माझं नाव घातलं. त्यानं कागद घेतला, पण अक्षरं इतकी वाकडी होती की त्याला लागेनात.

"वाचा," तो म्हणाला.

मी वाचलं.

"आनि एकदा. तानी मोठी झाली की इचारंल. तवर कागद ऱ्हातोय, न्हाई ऱ्हात."

मी पुन्हा वाचलं. तो माझ्यामागून ओठ हलवत होता. चौथ्यांदा वाचताना शेवटची ओळ त्यानंच म्हटली, माझ्या आधी. मग त्यानं कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला, खिशाचं बटण लावलं, आणि मोटारीची वेळ झाली म्हणून निघाला.